उलाढालीची रेघ

मर्व्हिन : ...आणि मग मी जरा थांबणार. सगळ्यांना चहाचे कप खाली ठेवू देणार. आणि म्हणणार, "मंडळी, बेलंबी कॉपर आजच विका. सगळेच्या सगळे. नावाला एक शेअरसुद्धा ठेवू नका." कसं वाटतं?

व्हर्ना : टोस्ट गार होतोय.

मर्व्हिन : टोस्टचं कोण विचारतंय, व्हर्ना? भाषण कसं वाटतं?

व्हर्ना : लांबलंय. मेंढ्या काढून टाक त्यातून.

मर्व्हिन : मेंढ्या काढल्या तर उरलं काय? चाळीस वर्षं मी या गावात मेंढ्यांचे लिलाव पुकारलेत. शेअर मंडळातल्या म्हाताऱ्यांना उलाढाल समजावायची तर भाषा कुंपणातलीच हवी. ऐक परत. एका मेंढीचा भाव चढतोय. कुंपणाभोवती साठ माणसं रेटारेटी करतायत, तर तो भाव खरा. पण तोच भाव दोन टाळकी चढवतायत आणि बाकीचे गाडीकडे निघालेत, तर तो भाव म्हणजे हवा. भाव नुसता ओरडतो गं. किती जण बोली लावतायत ते उलाढाल सांगते.

व्हर्ना : हे मी आठ महिने ऐकतेय.

मर्व्हिन : मग सांग बघू, रेघ कशी काढायची?

व्हर्ना : भाव वर बंद झाला तर त्या दिवशी जितक्या शेअर्सची उलाढाल झाली ते सगळे बेरजेत टाकायचे. खाली बंद झाला तर सगळे वजा करायचे. रोज. जी बेरीज होते तीच रेघ.

मर्व्हिन : शाबास, माझी बहीण शोभतेस! आणि आपल्या बेलंबीचं काय झालंय? नऊ दिवसांत भाव चाळीस सेंटवरून अठ्ठावन्नवर गेला, आणि रेघ? चोवीस लाख खाली! पुढच्या दारात बँड वाजतोय आणि मागच्या दारातून माणसं पसार होतायत. इतकं स्वच्छ लक्षण मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. म्हणजे, पाहिलं म्हणायचं आपलं.

व्हर्ना : मर्व्ह, आज नको बोलूस.

मर्व्हिन : का? साडेनऊला बैठक आहे, दहाला बाजार उघडतो. आज नाही बोलायचं तर काय ख्रिसमसला बोलू? त्यांनी माझी खुर्ची खिडकीपाशी नेऊन ठेवलीय, माहितेय ना? "मर्व्हिन, तुला वारा लागेल." वारा! डोळ्यांसमोर काळा ढग बसला म्हणून लोक मला कुंडीसारखं उन्हात ठेवायला लागले. आज कळेल त्यांना, कुणाला काय दिसतं ते.

व्हर्ना : म्हणूनच म्हणतेय. नको बोलूस.

मर्व्हिन : क्लॅरीला घाबरतेस होय? अध्यक्ष झाला म्हणून काय झालं? जन्मभर रेल्वेचे सिग्नल ओढले त्याने, शेअर कधी ओढलेत? मागच्या बैठकीत म्हणतो, "तसं बघायला गेलं तर ठेवावेत असं वाटतं." वाटतं म्हणे! माझ्याकडे आकडे आहेत.

व्हर्ना : ते आकडे मी बनवलेत.

मर्व्हिन : कुठले?

व्हर्ना : नऊ दिवसांचे. भाव खरे आहेत. उलाढाल... मनाला येईल ती सांगितली.

मर्व्हिन : चेष्टा करतेस.

व्हर्ना : नाही रे.

मर्व्हिन : मनाला येईल ती म्हणजे? रोज चारला बाजार बंद होतो, तू कॉम्प्युटर उघडतेस, आकडा वाचतेस. मी इथे व्हरांड्यात बसून ऐकतो. आठ महिने हेच चाललंय!

व्हर्ना : आठ महिने खरं होतं. हे नऊ दिवस मी चारला घरात नव्हते. साडेपाचला यायचे, तू दारातच ओरडायचास, "बोला!" कॉम्प्युटर सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागतात. मी बूट काढता काढता काहीतरी सांगून टाकायचे.

मर्व्हिन : तू चर्चमध्ये फुलं लावायला जात होतीस.

व्हर्ना : हो, तसं म्हणाले होते खरी.

मर्व्हिन : नऊ दिवस फुलं! माझ्या लक्षात कसं आलं नाही? चर्च आहे की बाग? आणि तुझ्या अंगाला चिखलाचा वास यायचा. मला वाटलं फुलदाण्यांतलं पाणी असेल. होतीस कुठे?

व्हर्ना : तलावावर. पोहायला शिकतेय.

मर्व्हिन : चौऱ्याहत्तराव्या वर्षी?

व्हर्ना : पंच्याहत्तराव्या वर्षी शिकले असते तर चाललं असतं का तुला?

मर्व्हिन : थांब. थांब जरा. आकड्यांचं सांग. मनाचेच सांगायचे होते, तर असे कसे सांगितलेस की रेघ बरोबर खालीच गेली?

व्हर्ना : भाव चढलेला असला की आपले छोटे आकडे सांगायचे. दोन लाख, तीन लाख. पटकन संपतं. आणि ते दोन दिवस भाव पडला, तेव्हा तुझा चेहरा उतरला. म्हटलं मोठा आकडा सांगू. मोठा आकडा ऐकलास की तू खूश होतोस. म्हणून एकदा एकोणीस लाख आणि एकदा बावीस.

मर्व्हिन : खूश होतो म्हणून! अगं, चढत्या दिवशी दोन आणि पडत्या दिवशी बावीस म्हणजे सगळा गाव विकून पळतोय असा अर्थ होतो!

व्हर्ना : ते मला नंतर कळलं. शुक्रवारी. तू क्लॅरीला फोनवर समजावत होतास तेव्हा.

मर्व्हिन : चाळीस वर्षं, व्हर्ना. चाळीस वर्षं मी हातोडा वाजवला. कितीतरी पुकारणारे भिंतीकडे बघून बोली घेतात. समोर कुणी नसतं, पण बोट दाखवतात, "ते मागचे साहेब, दहा जास्त!" मी एकदाही भिंतीची बोली घेतली नाही. कुणी तसं म्हणालं असतं तर दात पाडले असते. आणि माझ्याच घरात नऊ दिवस भिंत बोलत होती.

व्हर्ना : चुकले मी.

मर्व्हिन : मी तेराही जणांना फोन केलेत. बेसीला दोनदा, कारण तिला ऐकू येत नाही. मी म्हणालो, मर्व्हिन क्रिमिन्सचा शब्द आहे.

व्हर्ना : माहितेय.

मर्व्हिन : मला वाटलं, पेपर गेला, गाडी गेली, माणसांचे चेहरे गेले. पण निदान एवढं तरी मला दिसतंय. ही रेघ. रात्री डोळे मिटले तरी दिसायची.

व्हर्ना : मर्व्ह...

मर्व्हिन : काही बोलू नकोस.

व्हर्ना : बोलणार. चुकले, ते चुकलेच. पण तूही ऐक. आठ महिने मी रोज चार वाजता या खुर्चीत बसलेय. मैत्रिणीकडे गेले तर साडेतीनला उठायचं. लायब्ररीत गेले तरी तेच. एकदा तरी विचारलंस, व्हर्ना, तुला दुसरं काही करायचंय का? मला वाटायचं, विचारशील. मग त्या मंगळवारी इतकं ऊन होतं, आणि त्या पाण्याकडे बघून मला वाटलं, मी आज उतरले नाही तर कधीच उतरणार नाही.

मर्व्हिन : मला सांगायचंस.

व्हर्ना : आठ महिन्यांत तुझा आवाज पहिल्यांदा पूर्वीसारखा झाला होता. घर दणाणायचं. म्हटलं, बंद कसं पाडू?

मर्व्हिन : ...किती वाजले?

व्हर्ना : नऊ वाजायला दहा.

मर्व्हिन : कॉम्प्युटर लाव.

व्हर्ना : आत्ता?

मर्व्हिन : मग काय टोस्ट खात बसू? लाव. खरे आकडे वाच. मंगळवारपासून. भाव वर का खाली, आणि लाखांत उलाढाल.

व्हर्ना : थांब, सुरू होतोय. चष्मा कुठे ठेवला... हं. मंगळवार. वर. चौदा.

मर्व्हिन : चौदा! बोला, चौदा लाख! पुढे?

व्हर्ना : बुधवार वर, अकरा.

मर्व्हिन : पंचवीस झाले.

व्हर्ना : गुरुवारी भाव पडला. दोन.

मर्व्हिन : किती?

व्हर्ना : दोन. फक्त दोन लाख.

मर्व्हिन : आणि तू एकोणीस सांगितलेस! तेवीस. पुढे.

व्हर्ना : शुक्रवार वर सोळा. सोमवार वर नऊ. मंगळवार वर तेरा.

मर्व्हिन : एकोणचाळीस... अठ्ठेचाळीस... एकसष्ट. अगं बाई. पुढे.

व्हर्ना : बुधवारी खाली, तीन. मग गुरुवारी वर अठरा, आणि शुक्रवारी वर एकवीस.

मर्व्हिन : अठ्ठावन्न. शहात्तर. सत्त्याण्णव. सत्त्याण्णव लाख वर! व्हर्ना, हे उलटंच आहे. पुरतं उलटं. भाव पडला त्या दिवशी कुणी विकायला तयार नाही, आणि चढला की सगळे कुंपणावर चढतायत. हा माल विकायचा नाही. हा धरून ठेवायचा!

व्हर्ना : म्हणजे क्लॅरी बरोबर होता.

मर्व्हिन : क्लॅरीला काही माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं. वाटणं आणि मोजणं यांत फरक आहे. ...हो, बरोबर होता. मेला.

व्हर्ना : गाडी आली त्याची.

क्लॅरी : गुड मॉर्निंग. दार उघडंच होतं म्हणून... मर्व्हिन, निघायच्या आधी एक बोलायचंय. म्हणजे कसं, मी शनिवार-रविवार बराच विचार केला. तुझं ते इंजिनाचं.

मर्व्हिन : मी मेंढ्यांचं सांगितलं होतं.

क्लॅरी : हो, पण मला ते इंजिनासारखं वाटलं. भाव म्हणजे डबे आणि उलाढाल म्हणजे इंजिनाचा जोर. इंजिन बंद पडलं तरी उतारावर डबे काही काळ पळतातच, आणि आतल्या माणसाला वाटतं गाडी काय मस्त चाललीय. तसं बघायला गेलं तर तूच बरोबर आहेस. विकून टाकू. मी काल सगळ्यांना फोन करून तसं पटवलंय.

मर्व्हिन : पटवलंस?

क्लॅरी : तेराही जणांना. बेसीला वेळ लागला.

मर्व्हिन : क्लॅरी, लेका, साठ वर्षांत तू पहिल्यांदा माझं ऐकलंस आणि तेही आजच!

क्लॅरी : का? काय झालं?

मर्व्हिन : मी चुकलो. माझी बेरीज चुकली. इंजिन बंद नाहीये, धडधडतंय. विकायचं नाही.

क्लॅरी : तुझी बेरीज? तुझी बेरीज कशी चुकेल? तू तर मनात...

व्हर्ना : त्याची नाही चुकली. मी खोटे आकडे सांगितले. मर्व्ह, माझ्यावर पांघरूण घालू नकोस.

क्लॅरी : खोटे कशाला सांगशील? आपण तर रोज माझ्या फोनवर... म्हणजे, भाव तर तू रोज बघूनच...

मर्व्हिन : "आपण"?

क्लॅरी : म्हणजे कसं...

मर्व्हिन : "माझ्या फोनवर"?

व्हर्ना : क्लॅरी शिकवतोय मला पोहायला. तू विचारायच्या आधी मीच सांगते.

मर्व्हिन : असं. म्हणजे एकीकडे अध्यक्षसाहेब माझ्या बहिणीला पाण्यात घेऊन जातात, त्यामुळे ती खोटी उलाढाल सांगते. त्यावर मी अख्ख्या मंडळाला विकायला सांगतो, आणि मग अध्यक्षसाहेबच घरोघर फोन करून ते पटवतात!

क्लॅरी : असं एका दमात म्हटलं की फारच वाईट वाटतं.

मर्व्हिन : एक सांग, क्लॅरी टोलहर्स्ट. तू बोली लावायला आलायस की नुसता कुंपणाला टेकून बघतोयस?

व्हर्ना : मर्व्ह! मी मेंढी आहे का?

क्लॅरी : सध्या आम्ही हात मारायला शिकतोय. पाय अजून व्हायचेत.

मर्व्हिन : चला, गाडी काढ. टोपी कुठे माझी? बोटीने टास्मानियाला जायच्या सहलीसाठी अकरा वर्षं थेंब थेंब साठवलंय त्या लोकांनी. बेसी सत्त्याऐंशीची आहे, तिला परत अकरा वर्षं थांबता यायचं नाही. मी उभा राहून सांगतो, चुकलो म्हणून. आणि व्हर्ना...

व्हर्ना : काय?

मर्व्हिन : तू सांगायचं नाहीस. लिलावात आवाज एकाचाच.

व्हर्ना : दोघं सांगू. मी तुझ्या शेजारी उभी राहीन, आणि मेंढ्यांचा भाग तू गाळायचास.

मर्व्हिन : अर्धा गाळतो.

(सात आठवड्यांनी. तलावाकाठचा बाक, संध्याकाळचे साडेचार. व्हर्ना पाण्यात आहे.)

क्लॅरी : बेसी अजून तुझी नक्कल करते. परवा क्लबात टेबलावर चमचा आपटून म्हणाली, "मंडळी, मी चुकलो, आणि मोठ्याने चुकलो!" सगळे हसून लोळले.

मर्व्हिन : हसू देत. त्या दिवशीही हसलेच. मला वाटलं होतं शिव्या देतील, नाहीतर गप्प बसतील. गप्प बसले असते तर मी मेलो असतो. पण व्हर्नाने बूट काढता काढता बावीस लाख कसे सांगितले ते ऐकल्यावर मंडळातला तो पोस्टातला म्हातारा तर खुर्चीवरून पडायचा बाकी होता.

क्लॅरी : पण बेलंबी... म्हणजे कसं, काल एकोणनव्वद सेंट झाला.

मर्व्हिन : ऐकलं मी.

क्लॅरी : आपण ब्याऐंशीला विकला.

मर्व्हिन : तेही माझ्या लक्षात आहे.

क्लॅरी : चौघांचे फोन आले मला. मर्व्हिनची रेघ कुठे गेली म्हणून विचारतात.

मर्व्हिन : त्यांना सांग, रेघ जिथल्या तिथे आहे. भाव ऐंशीच्या पुढे रोज नवी उंची गाठत होता आणि रेघ चार दिवस जेमतेम हलत होती. जोर संपत आला एवढं ती सांगते. गाडी कुठल्या दगडापाशी थांबेल ते नाही सांगत. ते सांगणारा कुणी भेटला तर त्याच्याकडून घोडासुद्धा विकत घेऊ नकोस. अरे, शेवटची बोली आपल्यालाच मिळावी असा हट्ट धरणारे मी खूप पाहिलेत. संध्याकाळी मेंढ्या परत ट्रकमध्ये भरून घरी जातात.

क्लॅरी : उद्या शंभर झाला तर?

मर्व्हिन : तर आपण बोटीवर असताना त्याच्या नावाने एक ग्लास घेऊ. तिकिटं झाली की नाही?

क्लॅरी : झाली. सोळा. दोन एप्रिल.

मर्व्हिन : मग झालं तर. आणि संध्याकाळी फोन कुणाचा आहे आज? आकडे वाचायला?

क्लॅरी : आज बेसी आणि तो पोस्टातला. तू दोघांकडून का घेतोस रे रोज? सहाला एक, सव्वासहाला दुसरा.

मर्व्हिन : जुळले तर खरे. नाही जुळले तर एकजण पोहायला गेलाय असं समजायचं. शिवाय बेसी आकड्यांच्या आधी पंधरा मिनिटं गावच्या बातम्या सांगते. पूर्वी मला एकही फोन यायचा नाही, आता जेवायला सवड नाही.

क्लॅरी : मर्व्हिन.

मर्व्हिन : हं.

क्लॅरी : मला एक विचारायचं होतं. तू तिचा मोठा भाऊ आहेस, म्हणून. म्हणजे तसं बघायला गेलं तर...

मर्व्हिन : क्लॅरी, तसं बघायला गेलं तर मला दिसत नाही. सरळ बोल.

क्लॅरी : बोटीवर... आणि नंतर. म्हणजे सहलीहून परत आल्यावरही. तिने आणि मी... तुझी काही हरकत आहे का?

मर्व्हिन : मला काय विचारतोस? मी तिचा दलाल आहे का? तिला विचार. पण एक अट.

क्लॅरी : कुठली?

मर्व्हिन : रविवारी जेवायला माझ्याकडे. दोघांनीही. तिच्यासारखं मटण मला जमत नाही, पण बटाटे छान होतात. ...ती आहे कुठे आत्ता? हातांचा आवाज बदलला.

क्लॅरी : आज पलीकडच्या काठाला जाऊन परत येणार म्हणाली होती. न थांबता.

मर्व्हिन : पलीकडे? आणि तू इथे बसून माझ्याशी भाव बोलतोयस?

क्लॅरी : तिनेच सांगितलं, बरोबर येऊ नकोस म्हणून. ...पोहोचली. तिकडच्या काठाला हात लावला. वळली.

मर्व्हिन : दमलीय का?

क्लॅरी : थोडी. डोकं वर काढलंय. ...नाही, परत खाली घातलं. चाललीय.

मर्व्हिन : पाय मारतेय?

क्लॅरी : मारतेय. बघ ना कशी... माफ कर.

मर्व्हिन : तू बघ. मला सांगत राहा.

क्लॅरी : अर्ध्यावर आली. तिथे पोरं खेळतायत, त्यांना ओरडून बाजूला व्हायला सांगतेय.

मर्व्हिन : ते ऐकू येतंय.

क्लॅरी : आता जवळ आली. वीस हात. दहा. मर्व्हिन, आली रे!

व्हर्ना : आले! मर्व्ह, ऐकलंस का? जाऊन आले! एकदाही थांबले नाही!

मर्व्हिन : ऐकलं, ऐकलं. सगळ्या तलावाने ऐकलं. दात वाजतायत तुझे.

व्हर्ना : पाणी गार झालंय, मार्च आहे ना, उन्हाळा संपला. पण जाऊन आले!

मर्व्हिन : क्लॅरी, उभा काय राहिलास? टॉवेल दे तिला.